लोखंडाची सवय झालेला हात

आनंदनगर एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी अकरा वर्षं काम केलं, तिथे व्हॉल्व्ह बनायचे. माझं काम तपासणीचं. समोर तयार मालाचे ट्रे यायचे, ते मोजायचे आणि पास की नापास एवढंच सांगायचं. खरं तर मी आयटीआयला फिटर केलं होतं. आख्ख्या बॅचमध्ये आम्ही दोनच मुली. पहिले कित्येक आठवडे लोखंडाचा चौकोनी ठोकळा कानशीने घासण्यात गेले होते आणि ते घासणं मला इतकं आवडलं होतं की पुढे तपासणीच्या टेबलावर बसल्यावरही हात शिवशिवायचे. दुसऱ्याने बनवलेलं मोजत बसायचं, आपण काही बनवायचं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. पण पगार वेळेवर व्हायचा, कंपनीची बस घराजवळच सोनिवलीच्या नाक्यावर मिळायची. मग एक दिवस आमची सगळी लाइन गुजरातला हलवायचं ठरलं. साहेबांनी विचारलं, "येणार का?" नवऱ्याची नोकरी इथली, मुलीची शाळा इथली. मी नाही म्हटलं.

पहिला आठवडा मी नुसती झोपले. दुसऱ्या आठवड्यात घरातलं जे जे बिघडलेलं होतं ते दुरुस्त केलं: गळका नळ, कुकरची शिट्टी, कपाटाची बिजागरी, शेजारणीचा मिक्सर. तिसऱ्या आठवड्यात बिघडलेलं काही उरलं नाही आणि मी सातव्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालू लागले. खिडकीबाहेर अर्धवट उभ्या इमारती, मधेच चुकून राहिलेला शेताचा तुकडा. नवरा दारात बूट काढत असायचा तेव्हाच मी सुरू व्हायचे. "मी ड्रायव्हिंग शिकते." दुसऱ्या दिवशी, "मी केकचा क्लास लावते." तो म्हणायचा, "आधी बस तरी जरा."

बसणं मला जमत नव्हतं. फोनवर व्हिडिओ बघायचे तेही दुप्पट वेगाने. त्यात एकदा एक बाई तांब्याच्या तारेची अंगठी करताना दिसली. तिने तार तापवली, वाकवली, टोकं जुळवली, ज्योत धरली आणि सांधा एकजीव झाला. मी तो व्हिडिओ आयुष्यात पहिल्यांदा साध्या वेगाने बघितला. मग परत बघितला.

त्याच आठवड्यात मी छोटा गॅस टॉर्च मागवला. भंगारवाल्याकडून जळक्या मोटरची तांब्याची तार आणली आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर कामाला बसले. तार तापवली की काळी पडायची. सांधा काही केल्या धरायचा नाही. व्हिडिओतल्या बाईचा धरायचा, माझा नाही. तिला विचारणार कसं? तिचे हात आणि माझे हात यांच्यामध्ये नेमकं काय चुकतंय हे मला दिसत नव्हतं आणि तिला मी दिसत नव्हते. आठवडाभरात ओट्याच्या दोन टाइल्स तडकल्या. नवऱ्याने त्या तड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे बघ, शिकायचंच असेल तर माणसासमोर बसून शीक."

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये कपड्याच्या दुकानावर माळ्यासारख्या जागेत इमिटेशन ज्वेलरीचा क्लास होता. शिकवणाऱ्या बाई सिंधी, साठीच्या पुढच्या. सगळ्या मुली त्यांना अदी म्हणायच्या, म्हणजे मोठी बहीण. पंखा गरगरायचा, खाली जीन्सचे गठ्ठे उतरवणाऱ्यांचा आरडाओरडा चालायचा आणि आम्ही बाराजणी सतरंजीवर बसून मोती ओवायचो, कड्या अडकवायचो, कुंदनचे खडे गोंदाने चिकटवायचो. बाकीच्या मुली रमायच्या. गप्पा मारत मारत त्यांचे नेकलेस तयार व्हायचे. माझा नेकलेस सगळ्यांच्या आधी व्हायचा आणि मग मी उठून जिन्यात जाऊन उभी राहायचे.

पाचव्या दिवशी अदींनी मला जिन्यात गाठलं.

"क्या हुआ बेटा? बार-बार बाहर क्यूं आती है?"

"काही नाही. गरम होतंय."

त्यांनी माझा हात धरून उताणा केला. टॉर्चने भाजल्याचे दोन डाग होते त्यावर बोट ठेवलं. "झूठ मत बोल. तेरे को चिपकाने में मजा नहीं आ रहा. तेरे को आग चाहिए." मग त्यांनी मागच्या गल्लीतल्या चांदीच्या कारागिराचा पत्ता सांगितला. उरलेल्या दिवसांची फी परत देऊ लागल्या तेव्हा मी घेतली नाही. त्या म्हणाल्या, "तो ये ले," आणि नाजूक चोचीची पक्कड माझ्या पर्समध्ये टाकली.

कारागीर माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान निघाला. घरचे मूळचे बंगालचे, पण याचं सगळं लहानपण उल्हासनगरात गेलेलं, शाळा मराठी. बोलणं अगदी आपल्यासारखं. गल्लीतले सगळे त्याला दादा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले आणि तो मला ताई. दहा बाय आठची खोली, जमिनीवर उतरतं लाकडी बैठं टेबल, त्याखाली चांदीचा कीस पडायला पसरलेलं कातडं. तो दुकानांसाठी जोडवी आणि अंगठ्या बनवायचा. शिकवतो का, असं विचारल्यावर त्याने आधी हातातली अंगठी घासून पुरी केली. मग म्हणाला, "शिकवलं नाही कधी. समोर बसा, बघा. जमलं तर जमलं."

त्याने मला आरी दिली. धनुष्यासारखी लोखंडी चौकट, त्यात केसाएवढं बारीक दातेरी पातं ताणून बसवलेलं. पितळेच्या पत्र्यावर सुईने रेघ ओढली आणि त्या रेघेवरून कापायला सांगितलं. मला वाटलं, हे काय, मी तर लोखंडाचे ठोकळे घासून काटकोनात आणलेली बाई आहे. पहिलं पातं बोटभर अंतरावर तुटलं. दुसरं त्याच्याही आधी. त्या एका दिवसात मी एकोणीस पाती तोडली.

"ढकलताय तुम्ही," तो म्हणाला.

"ढकलल्याशिवाय कापणार कसं?"

"आरीचं स्वतःचं वजन असतं ना. तेवढंच पुरे. तुमच्या हाताला लोखंडाची सवय आहे ताई, त्याला जोर लागतो. इथे जोर लावला की काम बिघडतं."

तीन आठवडे मी पितळच कापत होते. सरळ रेघ, नागमोडी रेघ, गोल. रोज सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, स्कूटी काढायची, अंबरनाथच्या सिग्नलला चिडचिड करत थांबायचं आणि दुपारपर्यंत पुन्हा तेच गोल. मी रोज विचारायचे, "झाळकाम कधी?" म्हणजे दोन तुकडे ज्योतीवर एकजीव करायचे ते काम, ज्यासाठी मी आले होते. तो म्हणायचा, "होईल." मला त्याच्या त्या 'होईल'चा राग यायचा. मधूनच तो त्याचं काम करताना मी बघत राहायचे. तुकड्यांवर टाकणखाराचं पाणी लावायचा, झाळेचा, म्हणजे लवकर वितळून सांधा धरणाऱ्या धातूचा, कण ठेवायचा, आणि ज्योत सांध्यावर न धरता सगळ्या वस्तूभोवती फिरवायचा. शेवटी झाळेचा तो कण एकदम चकाकून सांध्यात पळायचा. माझ्या ओट्यावर काय चुकत होतं ते मला तेव्हा कळलं. मी फक्त सांधा भाजत होते. बाकीची तार थंडच.

कळलं, म्हणजे आलंच असं मी धरून चालले.

एका दुपारी तो दुकानात माल द्यायला गेला. टेबलावर सहा जोडवी झाळायची राहिली होती, गिऱ्हाइकाची. तो येईपर्यंत आपण करून ठेवू, चकित होईल, असं मनात आलं आणि ते पुरतं मनात यायच्या आत हाताने टॉर्च पेटवला. पहिलं जोडवं छान झालं. दुसरंही. तिसऱ्याला मी जरा जास्त वेळ ज्योत धरली. चांदी लाल झाली, मग तिच्यावर पाण्यासारखी लहर आली आणि डोळ्यांदेखत जोडव्याची गोळी झाली. मी थांबायला हवं होतं. तिसरं सावरण्यासाठी चौथं घेतलं आणि त्याचीही गोळी केली.

तो आला. त्याने गोळ्या उचलल्या, तळहातावर फिरवल्या आणि मुशीत टाकल्या. मी आवराआवर करत होते तेव्हा म्हणाला, "ताई, उद्या येऊ नका."

"दादा, चूक झाली. मी भरून देते."

"चांदी परत वितळते, त्याचं काही नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुम्हाला कुठेतरी पोचायची घाई आहे. मला माहीत नाही कुठे. ती घाई असेपर्यंत इथे नका बसू. एखाद दिवस हात भाजून घ्याल."

परतीच्या रस्त्यावर मी रडले नाही. संतापाने स्कूटी इतकी पळवली की एका रिक्षावाल्याने शिव्या घातल्या. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान माणूस मला घरी पाठवतो! पुढच्याच सोमवारी मी संगणकावर दागिन्यांचं डिझाइन शिकवणाऱ्या क्लासला नाव घातलं. पडद्यावर अंगठी गोल गोल फिरायची. तिला हवा तसा खडा बसवता यायचा, चुकलं की एक बटण दाबायचं आणि चूक नाहीशी. चार दिवस मला ते फार आवडलं. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी टेबलाखाली बोटं बोटांवर घासतेय. शिकवणाऱ्या मुलाला मी पोट दुखतंय असं सांगितलं आणि उठले ती परत गेले नाही. त्यानंतर घरीच बसून पितळ कापत राहिले. सुकवणीच्या बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीखाली. कशासाठी ते मला सांगता आलं नसतं.

असेच दोनेक आठवडे गेले आणि एका सकाळी आईचा फोन आला. माझं माहेर अंबरनाथजवळचं पालेगाव. भाताची जमीन आता बिल्डिंगांखाली गेली, पण घर आणि मागची थोडी वाडी अजून आहे.

"अगो, बाबांचा हात बग कसा फुगलाय. गांधीलमाशी चावली. आन् अंगठी निंगत नाय."

वडील वाशाला लागलेलं गांधीलमाशांचं पोळं काठीने पाडायला गेले होते. डॉक्टरने इंजेक्शन दिलं होतं, साबण लावून, दोरा गुंडाळून अंगठी काढायचा प्रयत्न केला होता आणि शेवटी मोठ्या हॉस्पिटलला नेऊन कापून घ्या म्हणून सांगितलं होतं. वडील रिक्षात बसायला तयार नव्हते. कापायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी आरी घेतली, पाती घेतली, अदींनी दिलेली पक्कड घेतली. जुन्या पेटीतून आणखी एक पक्कड आणि फिलर गेज घेतला. दोन भागांमधली फट मोजायच्या त्या कागदासारख्या पोलादी पट्ट्या असतात. पालेगावला पोचले तेव्हा वडील ओटीवर बसले होते, हात उशीवर. बोट जांभळं पडायला लागलं होतं आणि अंगठी मांसात बुडाली होती. ती त्यांना लग्नात माझ्या आजोबांनी, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांनी घातली होती. तेव्हापासून ती कधीच निघाली नव्हती, चिखलणीतसुद्धा नाही.

"बाबा, एक तर हॉस्पिटलला चला, नाहीतर मी कापते."

"तुला येतं?"

"येतं," मी म्हटलं. सोनं मी तोवर कधी कापलं नव्हतं. माणसाच्या बोटावरचं तर सोडाच.

मग मला काय वाटलं कोण जाणे, मी दादाला फोन लावला. त्याने उचलला. मधल्या दिवसांबद्दल चकार शब्द नाही. मी सगळं सांगितलं.

"स्पीकरवर ठेवा," तो म्हणाला. "तळव्याच्या बाजूने कापा, तिथे झिजलेली असते. खाली काही सरकवता येईल?"

"पोलादाची पट्टी आहे."

"बेस्ट. पट्टी सरकवा. साबणाचं पाणी सोडत राहा, तापू देऊ नका. आणि ताई, काही झालं तरी थांबू शकता. प्रत्येक ओढीनंतर थांबा."

आई पाण्याचा पेला घेऊन बसली. सगळ्यात पातळ पट्टी मी कातडी आणि सोन्याच्या मधे सरकवली. वडिलांनी दात आवळले, पण हात हलवला नाही. आरी टेकवली. पहिल्या ओढीला ती नुसती घसरली. मी थांबले. दुसऱ्या ओढीला बारीकशी खाच पडली. मग मी ओढत गेले, थांबत गेले, आई थेंब थेंब पाणी सोडत गेली आणि फोनमधून दादाच्या खोलीतला पंखा ऐकू येत राहिला. किती वेळ गेला मला माहीत नाही. एकदाच पातं तुटलं. शेवटी आरी पोलादावर करकरली तेव्हा मला कळलं की पार झाली.

दोन पकडींनी मी अंगठीची टोकं धरून फाकवली. ती निघाली. बोटावर तिच्या जागी खोल पांढरा पट्टा उरला होता, त्यात हळूहळू लाली भरली. आईने हातातला पेला खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मी फोनवर म्हटलं, "निघाली." तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. मी आरी खाली ठेवली आणि वडिलांचं बोट गार पाण्यात बुडवलं.

वडील अंगठीकडे बघत होते. उघडी, टोकं वाकडी झालेली. त्या दुपारी ते नीट जेवले नाहीत. मला वाटलं, दुखतंय. मी निघताना ते म्हणाले, "आता जोड."

"सोनाराकडे देते मी."

"सोनाराचा काय संबंध? तू कापलीस, तूच जोड."

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या खोलीच्या दारात उभी राहिले. त्याने वर बघितलं आणि समोरची जागा मोकळी केली. मी अंगठी पुढे केली. "बाबा म्हणतात मीच जोडायची. पण दादा, तुम्हीच करा ही. माझ्या हातून नको."

"मला कुठे सांगितलंय? तुम्हाला सांगितलंय."

अंगठी पुन्हा पेरावर अडकू नये म्हणून मधे छोटा तुकडा घालून ती मोठी करायची होती. तो तुकडा मी घरूनच करून आणला होता. जोडीतलं एक कानातलं हरवल्यावर उरलेलं जे एक होतं, त्याची तार ठोकून. दादाने सोन्याची झाळ दिली आणि हात मांडीवर ठेवून बसला. मी टाकणखार लावला. ज्योत पेटवली. सगळ्या अंगठीभोवती फिरवली, एकदा, दोनदा, किती वेळा. घाई होत होतीच. ती गेली नव्हती. छातीत धडधडत होती, फक्त हातात उतरत नव्हती. झाळ चकाकली, पळाली, आणि मी ज्योत लांब केली.

तुरटीच्या पाण्यात टाकून काढली, कानस मारली, घासली. मग उजेडात धरली. मधला तुकडा फिकट दिसत होता. पिवळ्याजर्द अंगठीत एक पांढुरकी पट्टी.

"हे सोनं कुठलं?" दादाने विचारलं.

"माझ्या कानातल्याचं."

"कमी कॅरेटचं आहे. रंग बघितला नाहीत आधी?"

नव्हता बघितला. अकरा वर्षं तपासणी करून मी रंग बघितला नव्हता, कारण तुकडा लवकर तयार हवा होता. मी म्हटलं, परत कापून दुसरा घालते. तो म्हणाला, आधी वडिलांना दाखवा.

सूज उतरल्यावर वडिलांनी अंगठी घातली, बोट फिरवून बघितलं, आणि त्या संध्याकाळी नाक्यावर जाऊन सगळ्यांना दाखवून आले. "पोरीनं जोडली. ही बगा, ही पट्टी तिनं घातली." ज्या चुकीने मी रात्रभर तळमळले, तीच ते बोटाने दाखवत होते.

त्याला आता वर्ष होत आलं. मी आठवड्यातले चार दिवस दादाकडे बसते. जोडवी करते, ती आता गोळ्या होत नाहीत. खडे बसवायचं काम कधी शिकवणार म्हणून विचारते. तो 'होईल' म्हणतो आणि मला अजूनही राग येतो. अदींच्या क्लासमधल्या दोन मुली मधे मला विचारायला आल्या होत्या, शिकायला काय करावं लागतं. मला त्यांना धड सांगता आलं नाही. पितळ आणा आणि माझ्या शेजारी बसा, एवढंच म्हणाले.

आणि ती पट्टी मला सुखाने बसू देत नाही. पालेगावला गेले, वडिलांनी चहाचा कप उचलला, की माझी नजर तिथेच. योग्य कॅरेटचा तुकडा मी करून ठेवला आहे, पर्समध्ये कागदाच्या पुडीत घेऊन फिरते. किती वेळा म्हटलं, "बाबा, एका दिवसासाठी द्या, नीट करून आणते." ते म्हणतात, "परत कापशील. नको."

गेल्या रविवारी दुपारी ते ओटीवर झोपले होते, हात बाजूला टाकून. अंगठी आता सैल बसते. मी शेजारी बसले, हळूच दोन बोटांत ती धरली आणि फिरवू लागले. पेराच्या वरपर्यंत आली. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण मूठ वळली.

"चहा टाक," ते म्हणाले.

मी उठून चहा टाकायला आत गेले.